कार्नोबाच्या खोलीत

चार बायका एका पातेल्याभोवती जमल्या की किस्से जन्माला घालावे लागत नाहीत. ते मेणासारखे तळाशी साचतात आणि खरवडले की निघतात!

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही फरशीचं, गाडीचं पॉलिश बनवतो. कारखाना म्हणा, नाहीतर उद्योग म्हणा. माझा मुलगा अभिजित त्याला 'आईचा पसारा' म्हणतो. ती खोली त्याला आयटीतल्या पोरांना भाड्याने द्यायची आहे. मी शाळा सातवीपर्यंत शिकले, पॉलिश मात्र स्वतःची स्वतः शिकले. खोली सोडणार नाही म्हणजे नाही!

*

आमचं मुख्य मेण कार्नोबा. ब्राझीलमधल्या एका ताडाची पानं वाळवून झटकली की निघतं. मेणांत सगळ्यांत कडक, पिवळ्या पापुद्र्यांसारखं.

पहिली पिशवी आली तेव्हा शेजारच्या विमलने उघडून टेबलावर ठेवली. तिचे यजमान, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर, चहा घेता घेता त्यातले मूठभर चावू लागले.

"अहो, ते मेण आहे!" विमल ओरडली.

मी म्हटलं, "घाबरू नका. गोळ्या-चॉकलेटांवर चकाकी यायला हेच लावतात."

यजमान शांतपणे गिळून म्हणाले, "असेल. पण मक्याच्या पोह्यांना मीठ कमी आहे."

*

सून रेवा पुण्याची. तिने ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी लिप बाम करायचा ठरवला. मधमाशीचं मेण नको, 'व्हीगन' हवं! म्हणून सगळा कार्नोबाच घातला. झाला दगड! मैत्रीण विचारते, "हे टाचा घासायला का गं?"

मी म्हटलं, "रेवा, हे मेण सासूसारखं. चिमूटभर असलं तर घराला आकार येतो, जास्त झालं की सगळं टणक!"

"कळलं आई. पण चिमूट भरणार कोण?"

पोरगी हुशार आहे. तोंडावर मात्र मी म्हटलं नाही.

*

कोपऱ्यावरच्या स्टँडचा रिक्षावाला मंजुनाथ. त्याला डबा दिला आणि बजावलं, "सावलीत, पातळ थर, मग पुसायचं." त्याने भर उन्हात बोटभर जाड लावलं. रिक्षा अशी पांढुरकी झाली, जशी राखेत लोळून आली!

"अक्का, स्वल्प जास्त झालं."

आम्ही दोघांनी जुन्या धोतराने घासून तो थर काढला. आता पाणी टाकलं की थेंब गोळ्या होऊन घरंगळतात. तेव्हापासून मंजुनाथ प्रवाशांना म्हणतो, "चप्पल हातात घ्या सार!"

*

शेवटी अभिजितने मला न विचारता दलाल बोलावला. आदल्या संध्याकाळी विमल आणि मी त्या खोलीच्या लाल फरशीवर आमचं नवं पॉलिश लावून, पोत्याने घासून ठेवलं होतं. तक्रार नको म्हणून आधीच सांगते: मला दलालाचं काही माहीत नव्हतं.

दलाल बूट घालूनच आत आला. "बन्नी, बन्नी," म्हणजे या, या, म्हणत अभिजित त्याला खोली दाखवत होता. पहिलं पाऊल टाकलं मात्र, माणूस बसलेल्या अवस्थेत सरळ खिडकीपाशी पोचला! फाईल एकीकडे, बूट दुसरीकडे.

अभिजित पांढरा पडला. विमलने तोंडात पदर कोंबला.

दलाल हलेना. खाली वाकून फरशीत स्वतःचा चेहरा बघत राहिला. मग खिशातून कंगवा काढून, बसल्याबसल्या, त्याने नीट भांग पाडला. आणि माझ्या मुलाकडे मान वर करून म्हणाला,

"सार, ही खोली भाड्याने देऊ नका. हे पॉलिश विका."