तीन जागी मीठ

दुष्काळाच्या वर्षी माझा पासपोर्ट पाण्यात भिजून वाया गेला. चूक सर्वस्वी माझी. तीत सखाहरीला ओढता येईल का, हे मी पुष्कळ चाचपून पाहिलं. तो आता नाही, तेव्हा खोटं बोलायची सोयही आहे. पण त्याची बायको अजून पडेगावात राहते आणि तिला वाचता येतं.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी डिप्लोमावाला, म्हणून 'जोशीसाहेब'. तो फिटर. गाव खुलताबादच्या डोंगरापलीकडं, बापाचं आयुष्य मेंढरांमागं आठ-आठ महिने फिरण्यात गेलेलं. जर्मनीहून नवं यंत्र येणार होतं आणि ते शिकायला तीन महिन्यांसाठी दोघांना तिकडे पाठवायचं ठरलं. पहिलं नाव माझं निघालं तेव्हा किलोभर पेढे आणायचं माझ्या मनात होतं. दुसरं सखाहरीचं निघालं. मी पाव किलो आणले.

परदेशाबद्दल कारखान्यात बोलायचा हक्क तोवर माझा होता. मी कुठे गेलो नव्हतो, पण वाचलं फार होतं. आता लोक सखाहरीभोवती जमू लागले, कारण तो बोलत नव्हता, करत होता. भर मे महिन्यात, शहरभर टँकरमागं घागरी धावत असताना, हा गृहस्थ जाडजूड चामडी बूट आणि लोकरी मोजे घालून कामावर येऊ लागला. कॅन्टीनमध्ये सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"सखाहरी, बर्फ पडलाय का रे पडेगावात?"

"साहेब, नवी वहाण घरीच चावून घ्यावी," तो पायाचा फोड दाखवत शांतपणे म्हणाला. "परमुलखात लंगडं झालं, तर कळप थांबत नाय."

कॅन्टीनमधल्या माना डोलल्या. माझे बूट घरी खोक्यात होते, कागदसुद्धा न काढलेले. त्या क्षणी मला त्याच्या फोडाचाही हेवा वाटला.

निघायला आठवडा उरला होता. सखाहरी तयारीसाठी रजेवर होता. एके दिवशी मीही सुट्टी टाकून सकाळीच पडेगावला गेलो. 'त्याला काही अडचण असेल तर बघावी' हे माझ्या बायकोला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की तो काहीतरी विसरला असेल आणि ते मला आधी सापडेल अशी आशा.

दोन पत्र्याच्या खोल्या. दारात त्याची बायको गंगूबाई तांदूळ निवडत होती. "भाऊजी, आठ दिस झालं, ह्यांनी फळीवरचा एक कपडा घेतला नाय," ती म्हणाली. "सगळं त्या बॅगेतूनच. घरात पावन्यावानी राहतेत."

"त्याबिगर कळंल कसं काय कमी पडतंय अन् काय उगं वागवतोय?" सखाहरी आतून म्हणाला. बाप फिरतीवर निघायच्या आधी घोड्यावर ओझं लादून शिवेपर्यंत नेऊन परत आणायचा, आणि जे लागलं नाही ते उतरवायचा. तेच चाललं होतं. त्यानं बॅग घोंगडीवर रिकामी केली. गोळ्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. चष्म्याचा दुसरा जोड. स्वेटर एकच, पण घालून पाहिलेला. मी तीनदा सगळं उलटंपालटं केलं. खोट सापडेना.

"आणि कागद?" मी शेवटचा बाण काढला.

त्यानं पासपोर्टच्या झेरॉक्सचे तीन संच पुढं ठेवले. "आई मीठ कधी एका गाठोड्यात ठेवत नव्हती. एक गाठोडं अंगावर, एक घोड्यावर, एक मागं घरी. एखादं ओढ्यात गेलं तर भाकर अळणी नको." मग सहज विचारलं, "तुमचे कागद कुठं हायेत साहेब?"

"सुरक्षित जागी," मी तोऱ्यात म्हणालो.

ती जागा म्हणजे आमच्या मोरीतला दोनशे लिटरचा पिंप. घरात उंदीर झाले होते. पाणी आठव्या दिवशी यायचं, दोन-तीन दिवसांत संपायचं, मग तो पिंप कोरडाठाक, गुळगुळीत, वर झाकण. उंदराची काय बिशाद! व्हिसा लागलेला पासपोर्ट, तिकीट, पत्रं, सगळी फाइल मी आत ठेवली होती. नळाला लावलेली नळी झाकणाच्या फटीतून आत सोडलेलीच असायची आणि नळही उघडाच. आमच्या गल्लीत सगळ्यांचाच असतो, पाणी चुकू नये म्हणून. उद्या पाणी, म्हणून आज रात्री फाइल काढणार होतो.

पाणी एक दिवस आधी आलं. बायको शाळेत शिकवायला. मी पडेगावात, दुसऱ्याच्या बॅगेत खोट शोधत, वर जेवायलाही थांबलेला. परतलो तेव्हा सगळी गल्ली आनंदात होती आणि आमचा पिंप काठोकाठ भरला होता.

नवा पासपोर्ट, नवा व्हिसा इतक्या दिवसांत होणं शक्यच नव्हतं. पिंपाची गोष्ट कारखान्यातून पडेगावापर्यंत पोचली. सखाहरी एकटाच निघाला.

स्टेशनवर पोचवायला गेलो. जाणार नव्हतो, पण गेलो नसतो तर मत्सर दिसला असता. बॅग मी उचलली. इतकी हलकी, की तेवढ्यानंही मला झोंबलं. गाडी हलायच्या बेतात असताना त्यानं खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. झेरॉक्सचा तिसरा संच.

"साहेब, तिकडं काय हरवलं तर फोन करीन. इंग्रजी वाचून फॅक्स करनारं भरवशाचं मानूस मागं पायजे."

'मागं' हा शब्द काळजात रुतला, 'भरवशाचं' त्याहून खोल. गाडी गेली. पाकीट हातात धरून मी तसाच उभा राहिलो. डोळे भरून आले होते, ते मत्सरानं की आणखी कशानं, मला ठरवता येईना.

शेजारी गंगूबाई पदरानं डोळे पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं एकदा पाकिटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तरी पिंपात ठिवू नका."