दिसायला ब्रेल

ऑपरेटरताईंनी टेलिफोनच्या बोर्डावर उभी हयात काढली. डोळे जन्मापासून नव्हते, पण जिभेला धार अशी, की भले भले साहेब नरम पडायचे. निवृत्तीनंतर गुडघेही गेले. आता सरकारी कार्यालयाकडून रोज सकाळी मदतनीसबाई येते, अंघोळ घालते, म्हणून ताई माणसांत आहेत.

ही मदत चालू ठेवायची की नाही, ते विद्यापीठाच्या एका संशोधनावरून ठरणार होतं. संशोधक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी जमात. घरी आले, ताईंच्या पुढ्यात बसले आणि प्रश्न विचारले कुणाला? तर धाकट्या भावाला! "मला तोंड आहे," ताई म्हणाल्या. त्यावर सगळे कौतुकानं हसले आणि पुन्हा भावाकडे वळले.

आज त्या अहवालाचं प्रकाशन होतं. बाहेर 'सर्वांसाठी सुलभ संशोधन' असा भलामोठा फलक लावला होता म्हणे. आत जायला मात्र नुसत्या पायऱ्या. ताईंना दोन शिपायांनी खुर्चीसकट उचलून आणलं. भाषण ठोकून झाल्यावर प्राध्यापिकाबाईंनी त्यांच्या हातात अहवाल ठेवला.

"खास तुमच्यासाठी, ब्रेलमध्ये!"

ताईंनी बोटं फिरवली. कागद गुळगुळीत.

"ताई, ठिपके शाईनं छापलेत," मदतनीसबाई कानाशी पुटपुटली. एवढ्या विद्वानांपैकी एकालाही कागदाला बोट लावून बघायचं सुचलं नव्हतं.

"किती स्पष्ट आलेत, बघा ना," प्राध्यापिकाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच बघा."

मग मदतनीसबाईनं साधी प्रत उघडून वाचायला घेतली. सक्षमीकरण, सहभाग असल्या जडजंबाल शब्दांची पानंच्या पानं ओलांडून ती एका ओळीशी अडखळली. "कुटुंबात राहणाऱ्या अपंग व्यक्तींनी बाहेरच्या मदतीची गरज नसल्याचे सांगितले. त्यांची मदत बंद करावी."

"आमच्या घरी असं कुणी सांगितलं?" ताईंनी मोठ्यानं विचारलं.

"तुमच्या भावांनी. घरचेच सगळं करतात म्हणाले."

भाऊ मागच्याच रांगेत बसला होता. परक्यांपुढे घराची अब्रू राखायला त्यानं ती थाप मारली होती. बहिणीसाठी पाण्याचा तांब्याही कधी भरला नव्हता. ताईंना संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली.

"बाळ्या," साठीच्या भावाला त्यांनी भर सभेत हाक मारली, "उद्यापासून माझी अंघोळ तू घालणार ना रे?"

मागे खुर्ची करकरली. भावाच्या तोंडून शब्द फुटेना.

ताईंनी वाट पाहिली, पुरेशी पाहिली.

"बाई," मग त्या प्राध्यापिकाबाईंना म्हणाल्या, "आता हे उत्तर लिहून घ्या."