वरच्या टप्प्यातलं गिऱ्हाईक

आमच्या वीज कंपनीच्या वार्षिक मेळाव्याला बायकोला घेऊन गेलो, ही माझी चूक. निमंत्रणावर 'सहकुटुंब' छापलेलं होतं, आणि मी पडलो लेखा विभागातला; छापलेल्यावर विश्वास ठेवणारा.

त्यात वेळ नाजूक होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सोयगावहून आलेल्या सासूबाई उस्मानपुऱ्यात आमच्या मागच्या खोलीत मुक्कामाला होत्या. तिची भिंत पश्चिमेची. संध्याकाळी तिच्यावर पापड भाजून निघावा. बायकोचं म्हणणं, तिथं एसी बसवा. माझं म्हणणं, कूलर आहे की. एसीच्या किमतीची मला एवढी धास्ती नव्हती; पण युनिटं वरच्या टप्प्यात गेली की दर कसा चढतो, हे मला नको तितकं पाठ. रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करत फिरणं हाच माझा व्यायाम. सासूबाईंनाही मी शिकवून ठेवलं होतं, की खोली गार झाली की कूलर बंद करायचा. गारवा काही लगेच पळून जात नाही.

मेळावा चिकलठाण्याच्या एका हॉटेलात. हॉल इतका गार, की बायकोनं पदर खांद्याभोवती लपेटून घेतला. वर्ष कसं गेलं ते घरच्या मंडळींना कळेल असं सांगायला साहेबांनी मला उभं केलं. माइक हातात आला की माझं भान सुटतं. मी सांगितलं, की आमचा धंदा भाजीवाल्यासारखा. माल घ्यायचा, विकायचा. थोडा वाटेत गळतो, थोडा उधारीत बुडतो. यंदा मात्र उन्हानं साथ दिली. शहरातल्या घरांनी एसी लावले, वरच्या टप्प्यातली महाग युनिटं खपली, बिलंही वेळेवर भरली गेली, म्हणून आमचं वर्ष तरलं. शेवटी हात जोडून म्हणालो, "या गिऱ्हाइकांनी कधी हात आखडता घेऊ नये, एवढीच प्रार्थना."

टाळ्या पडल्या. बायकोनंही वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

परतताना रिक्षात बसलो. मी भाषणाचा विषय काढून पाहिला, तर ती जालना रोडवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसली.

घरी सासूबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पलंगावर बसलेल्या. कूलर बंद.

"खोली गार झाली व्हती जावईबापू, म्हणून बंद केला," त्या म्हणाल्या आणि पदरानं मान पुसली.

गार कुठली, भिंतीला हात लावला तर चटका बसला. मी गुपचूप कूलर लावला. बाहेर येताना, सवयच ती, पुढच्या खोलीतल्या पंख्याच्या बटणाकडं हात गेला.

"राहू द्या हो चालू," बायको मागून म्हणाली. "आणि उद्या एसी घेऊनच या. एका घरानं हात आखडता घेतला म्हणून तुमच्या कंपनीचं वर्ष बुडायला नको."