पहिला नारळ तात्यांचा

आमच्या वाडीत सोंगी भजनाची एक रीत आहे. काल्याच्या दिवशी कीर्तन संपलं, की दहीहंडीच्या आधी माझे वडील आईचं हिरवं लुगडं नेसून भैरोबाच्या देवळापुढं उभे राहतात आणि वाडीतल्या एकाची सगळ्यांदेखत टर उडवतात. कोणाची, ते आधी कोणालाच माहीत नसतं. ज्याची उडाली, त्यानं पुढच्या वर्षी पहिला नारळ वाढवायचा, मगच सोंग उभं राहतं. नारळ वाढवला म्हणजे मनात काही उरलं नाही. नाही वाढवला, तर लुगडं घडी करून देवळात ठेवायचं आणि पुन्हा कधी नेसायचं नाही. असं कधी झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षी ती वेळ आली, आणि माझ्यामुळं आली.

त्याच्या आदल्या वर्षी वडिलांनी भावकीतल्या तात्यांना धरलं होतं. गवा आला तर शिंगं धरून परतवीन, असं तात्या सगळीकडं सांगायचे. एका सकाळी धुक्यात शेतात काहीतरी काळं हललं आणि तात्या फणसावर चढले. वडिलांनी त्यांच्या बायकोचं सोंग घेतलं, कपाळावर हात मारला आणि वर बघून हाळी दिली, "अवं, उतरा की खाली! गवा न्हाय, आपलीच म्हस हाय! धार काढायची खोळंबलीया तिची!" टाळकऱ्यांनी तेवढ्यावरच चाल धरली. तात्या स्वतः डोळे पुसत हसत होते.

मी ते फोनवर टिपलं. मी वाडीतला पहिला पदवीधर. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन राहतो, शाळेत शिकवतो. आपल्या डोंगरातली कला लोकांनी बघावी, असं मनापासून वाटलं, म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. तिथून तो फिरत फिरत कबनूरला, तात्यांच्या लेकीच्या सासरी पोचला. तात्या लेकीला सणाला आणायला गेले, तेव्हा तिच्या सासरच्या यंत्रमागावर काम करणारं कोणीतरी ओरडलं, "गवा आला, चढा वर!" विहीणबाई हसल्या. लेक खाली मान घालून उभी राहिली. तात्या चहा न घेता परतले. त्या दिवसापासून आमच्या दारावरून जाताना ते मान फिरवून जात.

माझ्या दहावीच्या वेळी वाडीवर एसटी येत नव्हती. प्रत्येक पेपरला मला मोटारसायकलवरून घाटाखाली सोडणारे हेच तात्या.

काल्याच्या सकाळी कीर्तन संपलं तरी तात्या आले नव्हते. वडील लुगडं नेसून, मिशा तशाच ठेवून, बांगड्या भरून बसलेले. पखवाजवाल्यानं आवाजासाठी पखवाजाच्या पुडीला लावलेली कणीक सुकली. त्यानं ती खरवडून काढली आणि दुसरी लावली.

"आबा, मी घरी जाऊन त्यांची माफी मागू का?" मी विचारलं.

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "हसं जगात केलंस आन् माफी उंबऱ्यात मागतोस व्हय?"

दुसरी कणीकही सुकत आली, तेव्हा तात्या काकूंना घेऊन आले आणि मागच्या खांबाला टेकून बसले. वीणेकऱ्यानं त्यांच्या हातात नारळ दिला. ते उठले नाहीत. नारळ मांडीवर फिरवत राहिले.

"दादा," ते वडिलांना म्हणाले, "लुगडं सोड. ह्या मास्तरला नेसीव."

वडिलांनी लुगडं सोडलं. पँटवरूनच मला नेसवलं. तात्यांनी माझा फोन मागून घेतला आणि काकूंच्या हातात दिला. "काढ गं व्हिडिओ. नीट काढ."

मग ते उठले. "मंडळी, ह्यो आमचा शिकल्याला मास्तर. सुट्टीला आला की दिसभर त्या टेकावर एक हात वर करून हुबा. आमाला वाटलं, भैरोबाला गाऱ्हाणं घालतोय. भैरोबाबी ऐकून ऐकून वैतागला. म्हणला, लेका, किती हात वर करशील? मलाच हितं रेंज न्हाय!"

पखवाजावर थाप पडली. सगळा मांडव हसला. तात्या मात्र हसले नाहीत.

"आता धाड. त्याच ग्रुपवर. जितनं पयला गेला, तितनंच ह्योबी जाऊ दे. कबनूरला कळू दे, आमच्यात सगळ्यांचीच टर उडतीया म्हणून."

ग्रुपवर मुख्याध्यापक होते. माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक असलेले दोन सहकारी होते. मी वडिलांकडं पाहिलं. त्यांचे डोळे तात्यांच्या हातातल्या नारळावर होते.

मी काकूंकडून फोन घेतला आणि पाठवायचं बटण दाबलं. चक्र नुसतं फिरत राहिलं. देवळापाशी खरोखरच रेंज नसते.

"जातंय का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग कुटं जातंय त्ये ठावं हाय की तुला."

मी लुगड्याचा सोगा कमरेला खोचून टेकाची वाट धरली. खालून कोणी ओरडलं, "बाई, जपून गं!" पायात निऱ्या अडकल्या, एकदा गुडघ्यावर पडलो. वर जाऊन त्याच खडकावर उभा राहिलो आणि सगळ्या वाडीदेखत हात वर केला. बराच वेळ काही झालं नाही. मग चक्र थांबलं आणि व्हिडिओवर पाठवल्याची खूण उमटली.

"गेला!" मी ओरडलो.

खालून आधी नारळ फुटल्याचा आवाज आला, मग पखवाजाचा.