साडूच्या सलूनमधले परग्रहवासी

कात्रीकाकांच्या पोटात तसं रोजच दुखायचं, पण गुरुवारी संध्याकाळी कळच यायची. कारण अगदी डोळ्यांसमोर होतं. रस्त्यापलीकडे साडूचं सलून, सलूनमध्ये नवाकोरा टीव्ही, आणि टीव्हीवर पृथ्वीवर चालून येणारे परग्रहवासी. मालिकेची ती ‘उंईंईं’ धून वाजली की इकडे काकांची खुर्ची ओस. समोर केस असोत-नसोत, काकांची कात्री आपली कचकच चालू; म्हणून तर ते नाव पडलेलं.

त्या गुरुवारी खुर्चीत पोस्टमन होता, मिसरूड फुटल्यापासूनचं हक्काचं गिऱ्हाईक. धून ऐकू आली आणि गडी फेसासकट उठला.

“अहो, दुसरा गाल राहिला!”

“तिकडे करून घेतो, काका. आज ते राजधानीत उतरणार आहेत!”

“उतरू देत,” काकांनी वस्तरा मिटला. “मी चढतो.”

मागच्या जिन्याने ते साडूच्या गच्चीवर पोचले आणि साडूची मानच हाती लागल्यासारखी त्यांनी अँटेना पिळली. खाली सगळं चिडीचूप. काकांना गुदगुल्या झाल्या. आता येतील एकेक, तोंडं पाडून!

एवढ्यात एकच कल्ला उठला.

“आले, आले! आपल्या लहरी ताब्यात घेतल्या त्यांनी!”

“चेहरे बघा कसे वितळतायत!”

“गप्प रे! त्यांची भाषा ऐका, खर्रर्र!”

त्यावर साडूचा साखरेत घोळलेला आवाज, “म्हणून तर मोठा टीव्ही घेतला हो. छोट्यावर हे असं दिसत नाही!”

काकांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी दात-ओठ खाऊन अँटेना आणखी पिळली. टाळ्या पडल्या! आणि त्यात एक ओळखीचा आवाज, “भाऊजी, जरा मोठ्याने लावा ना!”

काकू! बहिणीला भाजी निवडू लागायला गेलेल्या काकू!

“अगं, तू तिथे काय करतेस?” काका कठड्यावरून गरजले.

“बाप रे,” पोस्टमन कुजबुजला, “वरून बोलतायत. तेही आपल्या भाषेत!”

“भाषेचं काय घेऊन बसलात,” काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या आवाजात बोलतायत!”

सगळे धावत रस्त्यावर आले. वर पाहतात तो काय, एका हातात अँटेना धरून काका उभे, दुसऱ्या हाताची बोटं हवेतच कचकच चाललेली.

“काय साडूबुवा,” साडूने कमरेवर हात ठेवले, “हे काय चाललंय?”

काकांनी खाली बघितलं. पोस्टमनच्या गालावर फेस वाळून पापडी झाली होती. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

“काही नाही,” काका म्हणाले, “माझा एक गाल तुमच्याकडे आलाय. तो न्यायला आलोय.”