थ्रॉटल बॉडीतली खाच

आमच्या ह्यांना धड चालणारी गाडी बघवत नाही, ती उघडायचीच. दिवेआगरात पाहुण्यांची ने-आण करायला आमची जुनी पेट्रोल व्हॅन होती, आणि तिच्यातूनच आठवड्यातून दोनदा सासूबाईंना डायलिसिसला माणगावला न्यायचं. दोन्ही किडन्या गेलेल्या. एक खेप चुकली की अंगावर सूज चढायची. लागोपाठ दोन चुकल्या तर काय, हे घरात कोणी बोलत नसे. पेट्रोलबद्दल मात्र हे सकाळ-संध्याकाळ बोलायचे.

मग मोबाइलवर कुणा उपटसुंभाचा व्हिडिओ आला. इंजिनात हवा जाते त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. आत एक गोल पाकळी असते, पाय दाबला की उघडते, सोडला की मिटते. तिच्या कडेला कानशीने खाच पाडली की म्हणे गाडी कमी पेट्रोल पिते. ह्यांनी पडवीत बसून एका दुपारात खाच पाडली. सासूबाई शेजारी सुपाऱ्या सोलत होत्या. कानशीच्या आवाजाने त्यांच्या अंगावर काटा येत होता, पण लेकाला एका शब्दाने बोलतील तर शपथ! पाकळी खरखरत फिरायला लागली म्हणून ह्यांनी तिला खोबरेल चोळलं. आमच्या वाडीत कुलूप, कोयता, बिजागरी, तान्हं मूल, सगळ्याला घरचं खोबरेलच.

गाडी कमी पेट्रोलवर पळू लागली, निदान हे तरी तसं सांगत. अधूनमधून पुढची सीट उचलून खालच्या इंजिनातल्या पाकळीवर आणखी दोन थेंब सोडायचे.

थंडी पडली आणि गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी चालू केली की पाय काढला तरी इंजिन ओरडतच राही. वाटेत झोपलेलं कुत्रं लांबूनच आवाज ऐकून उठायचं. एकदा देवळाच्या वळणावर ब्रेक दाबलेला असताना ती पुढे रेटत राहिली. मी ह्यांना निक्षून सांगितलं, भंगारवाल्याकडून दुसरं नळकांडं आणून बसवा, नाहीतर आईंना मी एसटीने नेते. हे हसले. "गरम झाली की सुतासारखी सरळ येते," म्हणाले. आणि यायचीही, म्हणून तर माझं कोणी ऐकेना. मला मात्र माणगावच्या वाटेवरच्या घाटाची उतरण दिसत राहायची, आणि पुढच्या सीटची दांडी धरून मागे बसलेल्या सासूबाई. त्या दिवसांत ह्यांच्या आनंदाचीसुद्धा मला भीती वाटायची.

त्या सकाळी कडाक्याचा गारठा होता. सासूबाईंना गाडीत मागे बसवून मी फाटक उघडायला पुढे गेले. वाडीची वाट उताराची आणि खाली चिऱ्याच्या दगडी कुंपणाचा गडगा. इंजिन एकदम किंचाळलं. काचेतून मला ह्यांचा चेहरा दिसला, ब्रेकवर उभे राहिल्यासारखे ताठ झाले होते. घाबरून त्यांनी चावीच उपसली. इंजिन बंद पडलं, पण स्टेअरिंगही लॉक झालं आणि गाडी दवाने ओल्या वाटेवर तशीच घसरत जाऊन डाव्या अंगाने गडग्यावर आदळली.

ह्यांना नुसतं खरचटलं. सासूबाईंचा डावा हात चेपलेल्या दारात सापडला होता. तो सोडवला आणि शेजारचे आपली गाडी काढेपर्यंत ह्यांनी वेड्यासारखी सीट उचलून पाइप खेचला. पाकळी अर्धी उघडी अडकलेली आणि तिच्या कडेने काजळीत मळलेलं, थिजलेलं खोबरेल. थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसाला तेल न लावणारी माणसं आम्ही, आणि एकाच्याही डोक्यात हे येऊ नये! मला इतका संताप आला की रडूही येईना.

वाटेत सासूबाई कण्हत लेकाला म्हणाल्या, "घाटात झालं न्हाय ते बरं. तूपण गेला असतास."

माणगावला सिस्टरने त्यांच्या डाव्या हातावर बोटं ठेवली. डायलिसिसची सुई लावायला ऑपरेशन करून जोडलेली नस त्याच हातात होती. चालू असली की ती बोटाखाली थरथरते. सिस्टरने बोटं वर सरकवली, खाली सरकवली, मग डॉक्टरांना बोलवायला गेली.

नस बंद पडली होती. मानेतून नळी घालून थोडे दिवस निभावलं. मग नळीतून ताप चढला आणि शिमग्याच्या आत सासूबाई गेल्या.

भेटायला येणारे विचारतात, कशाने गेल्या. हे सांगतात, किडनीने. मी उठून आत जाते.