ड्रॅगनची संकष्टी

गेल्या वर्षीच्या एका संकष्टीला मी ड्रॅगन होतो.

हे वाचून कोणी माझ्या तब्येतीची चौकशी करायला येऊ नये, तब्येत उत्तम आहे. मी विचुंब्याला राहतो, कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कुठला ट्रक कुठे अडकलाय हे पार्ट्यांना समजावून सांगण्याचं काम करतो, आणि अमुक एक गोष्ट आपल्याला जमणार नाही असं मला आजवर कधी वाटलेलं नाही. जमलेली नाही, हा भाग वेगळा. (बाथरूमचा नळ मीच दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरचे अजून आमच्याशी बोलत नाहीत.)

तर माझी मुलगी गार्गी आणि तिचे मित्र दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचे. त्यात प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, कोणी जादूगार, कोणी तिरंदाज, आणि आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आकडा जितका मोठा तितकं यश. गार्गी सूत्रधार, म्हणजे राक्षस कुठे दबा धरून बसलाय आणि पूल कधी तुटणार हे सगळं तिच्या हातात. गेली दोन वर्षं त्यांची एकच गोष्ट चालू होती. मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता जेवढी कानावर पडेल तेवढी ऐकायचो.

मग गार्गीला बंगळूरला नोकरी लागली. जाण्याआधीच्या रविवारी शेवटची लढाई करून गोष्ट संपवायची, असं ठरलं. नेमका त्याच सुमारास त्यांचा समोरासमोर लढणारा योद्धा पुण्याला बदली होऊन गेला. उरले दोघं: तेजस जादूगार आणि झोया तिरंदाज. दोघंही लांबून लढणारे. पुढे होऊन अंगावर वार घ्यायला कोणी नाही. गोष्ट अर्धवट टाकून जावं लागणार म्हणून गार्गीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "मी आहे ना."

खरं सांगायचं तर मला लढाईत काडीचा रस नव्हता. पण पोरगी लांब चालली होती. तिकडे ती नव्या लोकांना ही गोष्ट सांगणार, आणि गोष्टीच्या शेवटी सगळ्यांना वाचवायला धावून आलेला एक वीर असणार. तो वीर मी असावा, एवढंच मला हवं होतं. चहाचा ट्रे घेऊन येणारा माणूस म्हणून मला तिच्या गोष्टीत राहायचं नव्हतं.

पात्र बनवायला बसलो. जवळून लढणाऱ्यांत ड्रॅगनच्या वंशाचा योद्धा सगळ्यांत तगडा, असं गार्गी म्हणाली. मी ताबडतोब ड्रॅगन घेतला. आता ठरावीक ताकद अवयवांत वाटायची होती. हातात तलवार घेणार का? मी म्हटलं, हत्यार पडतं, हरवतं, घरी विसरतं. माणसाचे दात मात्र कायम बरोबर असतात. (माझी दाढ तेव्हा नुकतीच काढलेली होती, पण तत्त्व म्हणून सांगितलं.) शेपूट? नको, बसायला अडचण. झोयाने फार समजावलं की अंकल, तोंडातून आग टाकायची सोय तरी ठेवा, उपयोगी पडते. मी तिला सांगितलं की लांबून फुंकर मारून पळणं आपल्याला शोभत नाही. मग हात, पाय, शेपूट, आग, सगळीकडची ताकद काढून मी ती एका जबड्यात घातली. नाव ठेवलं जबडोजीराव. माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी गार्गीने काढलेलं चित्र बघितलं आणि मान हलवून म्हणाल्या, "सरडा बरा हाय."

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्या खेळात आणखी एक सोय होती. योद्ध्याने एखादं व्रत घ्यायचं; व्रत जितकं कडक तितकी जास्तीची ताकद. व्रत मोडलं की सगळीच ताकद गेली, योद्धा साधा माणूस. तेजस, झोया वगैरे मंडळींनी 'खोटं बोलणार नाही' असली किरकोळ व्रतं घेतली होती. मला हसू आलं. व्रतं घ्यायला मला शिकवायला हवं का? आमच्या घरात वार मीच पाळतो आणि मीच पाळायला लावतो. मी धडाधड सांगितलं: जबडोजीराव सोमवारी मांस तोंडात घेत नाही, गुरुवारी घेत नाही, श्रावणात घेत नाही, आणि संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत काहीच खात नाही. गार्गीने दोनदा विचारलं, "बाबा, नक्की ना?" तिने प्रत्येक व्रताची ताकद जबड्यात मिळवली, तेव्हा तेजसच्या तोंडून शीळ बाहेर पडली. एवढा भयंकर जबडा त्यांच्या खेळात कधी झाला नव्हता. मी ऑफिसात चारचौघांना सांगितलं की रविवारी आपण एक लढाई संपवतोय.

रविवार उजाडला. मी सकाळपासून फॉर्मात होतो. संकष्टी होती, म्हणून माझा उपास होता आणि टेबलावर मुलांसाठी रंजनाने (ही माझी बायको) साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. सासूबाई सोफ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. गार्गीने आवाज खोल करून सांगायला सुरुवात केली. संध्याकाळची वेळ आहे, खाडीचं तोंड आहे, भरतीचं पाणी चढतंय, आणि पाण्यातून हळूहळू वर येतोय खेकडासुर. दुमजली इमारतीएवढा खेकडा. दोन वर्षांच्या सगळ्या संकटांमागे हाच होता म्हणे. झोयाच्या अंगावर काटा आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, कारण रंजना उरणच्या कोळ्यांची आणि आमच्याकडे चिंबोरीचं कालवण कसं होतं ते मला माहीत.

मी उठून उभा राहिलो. "जबडोजीराव पुढे होतो आणि कचकन चावतो," असं म्हणून फासा उचलला.

गार्गी म्हणाली, "आज संकष्टी आहे."

मी म्हटलं, ती आपल्या घरात. तिकडे खेळात कुठली संकष्टी? त्यावर तिने शांतपणे सांगितलं की पहिल्या दिवसापासून खेळातला दिवस म्हणजे आजचाच दिवस, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा. तेजसने आणि झोयानेही माना डोलावल्या. मी भिंतीकडे बघितलं. आजच्या चौकोनात लाल अक्षरात संकष्टी माझ्याकडे बघत होती.

पण ट्रान्सपोर्टच्या धंद्यात अशी अनेक वळणं मी बघितलेली आहेत. मी मुद्दा मांडला की चावणं वेगळं आणि खाणं वेगळं. जबडोजीराव चावेल आणि थुंकून टाकेल. गिळलं नाही म्हणजे खाल्लं नाही. गार्गी क्षणभर विचारात पडली आणि मला वाटलं, सुटलो.

सोफ्यावरून आवाज आला, "दाताना लागला म्हंजे खाल्ला. तुमीच सांगलाव ना?"

मीच सांगितलं होतं. गार्गी सहा-सात वर्षांची असताना अशाच एका चतुर्थीला आजीकडे तिने सुक्या बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला, मला बघून पटकन बाहेर काढला, आणि गिळला नाही, गिळला नाही म्हणून रडत होती. तेव्हा मी भर अंगणात, सगळ्या सासुरवाडीसमोर निकाल दिला होता: दाताला लागलं म्हणजे खाल्लं. त्या दिवशी चंद्रोदयापर्यंत पोरीला कोणी काही दिलं नव्हतं. सासूबाई हे विसरणार नाहीत हे मला कळायला हवं होतं. गार्गीने तर हसू दाबायला खिचडीचा मोठा घास घेतला.

"मग हाताने मारतो," मी म्हटलं. हातांत ताकद शून्य होती. तरी फासा टाकला. गार्गीने सांगितलं की जबडोजीरावांनी खेकडासुराच्या पाठीवर एक थाप मारली, पण खेकडासुराला ते समजलं नाही. पायाने लाथ मारली तर पाय मुरगळला. झोया अगदी सभ्य मुलगी, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आगीचं नाव तिने काढलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

तेवढ्यात खेकडासुराने तेजसच्या जादूगाराला नांगीत पकडलं. तेजस खरोखर घाबरला. "काका, चावा ना," तो म्हणाला, "व्रत मोडलं तर मोडलं." मोडलं असतं तर ताकद जाऊन जबडोजीराव ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या माणसाएवढाच उरला असता, आणि त्याने दुमजली खेकड्याला चावून काय होणार? दोन वर्षांची गोष्ट माझ्यामुळे बुडत होती. गार्गीने फासा बाजूला ठेवला होता. तिला हे आता थांबवावं की पुढे न्यावं, समजत नव्हतं. मला मनापासून वाईट वाटलं. जायच्या आधी पोरीला एक शेवट हवा होता आणि मी त्याच्या मध्ये उपास धरून उभा होतो.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी टेबलावर हात आपटून विचारलं, "चंद्रोदय कधी?"

मुद्दा बिनतोड होता. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, हे सासूबाईंनाही मान्य करावं लागलं. झोया म्हणाली की चंद्रासाठी गच्चीवर माना वर करून उभं राहायची सवय त्यांच्याही घरात आहे, तिला हे एकदम पटतंय. गार्गीने चंद्र किती फेऱ्यांनी उगवणार ते ठरवायला फासा टाकला. सहा आले. म्हणजे तेजस आणि झोयाने सहा फेऱ्या कसंही करून तग धरायचा आणि नंतर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत भयंकर जबडा कामाला लागणार. मी खुर्चीत टेकून बसलो. मला परत एकदम बरं वाटायला लागलं.

पुढची लढाई अशी झाली. गार्गी दर फेरीला सगळ्यांना विचारायची. तेजस सांगायचा, मी धुकं पसरवून नांगीतून निसटतो. झोया सांगायची, मी खडकावर चढून डोळ्यावर नेम धरते. मग गार्गी मला विचारायची, जबडोजीराव काय करतोय? मी म्हणायचो, वाट बघतोय. दुसऱ्या फेरीत तेजसची जादू संपत आली; जबडोजीराव वाट बघत होता. तिसऱ्या फेरीत झोया पाण्यात पडली, परत चढली. जबडोजीराव जप करत होता. चौथ्या फेरीत मी त्यांना ओरडून धीर दिला, तर खेकडासुराचं लक्ष तेजसकडे वळलं. पाचव्या फेरीपासून मला ओरडायला मनाई झाली.

सहाव्या फेरीला झोयाने डोळे मिटून फासा टाकला. तिचा बाण खेकडासुराच्या डोळ्यातून आरपार गेला. तेजसने उरलीसुरली जादू त्याच भोकातून आत सोडली. खेकडासुर डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि धाडकन खाडीत उलटा पडला. दोघं खुर्च्यांवरून उठून एकमेकांना मिठ्या मारायला लागले. खिचडीची बशी खाली गेली.

तो गोंधळ थांबल्यावर गार्गी हळूच म्हणाली, "चंद्र उगवला."

"जबडोजीराव पुढे होतो आणि कचकन चावतो," मी म्हटलं.

"बाबा, तो मेलाय."

मी सांगितलं, असू दे. सबंध दिवस थांबलोय. तिने समजावलं की मेलेल्या खेकड्याला चावायला फासा लागत नाही. मी तरी टाकला. वीस आले. त्या दिवसातला टेबलावरचा तो एकमेव वीस. फाशावरचा सगळ्यांत मोठा आकडा, आणि तो मी एका मयत खेकड्यावर खर्च केला. सासूबाई मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "आदी देवाला दाखवा, मंग खा."

गार्गीने टेबलावर डोकं टेकलं आणि हसायला लागली. आम्ही सगळेच हसलो. आमचं थांबलं तरी तिचे खांदे हलत होते. तिने डोकं वर केलं तेव्हा डोळे लाल होते. नुसतं हसून कोणाचे डोळे तसे होत नाहीत हे मलाही समजतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गोष्ट बिघडवली म्हणून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "असा शेवट मला दोन वर्षांत सुचला नव्हता."

बंगळूरला तिला खेळायला नवे सोबती मिळाले. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना तिच्या मागे त्यांचा खेळ रंगात आला होता आणि कोणीतरी कोणावर तरी हिंदीत खेकसलं, "अबे, बाबा मत कर!" मी विचारलं, हे काय? गार्गी आधी सांगेना. मग हसत हसत म्हणाली की त्यांच्यात तसा शब्दच पडलाय. आपण नुसतं उभं राहायचं, बाकीच्यांनी लढून सगळं संपवलं की तोंड उघडून पुढे यायचं, याला त्यांच्यात 'बाबा करणं' म्हणतात.

मी फोन ठेवला आणि छाती पुढे काढून स्वयंपाकघरात गेलो. रंजनाला सांगितलं की पोरीच्या गोष्टीत वीर नाही तर नाही, पण निदान क्रियापद तरी झालो. तिकडची कानडी, तमिळ पोरं आपल्याला चालवतायत, ही काय साधी गोष्ट आहे?

ती ताटं वाढत होती. वर न बघता म्हणाली, "बरं. या आता जेवायला. सगळं करून झालंय."